नवतप्यात बोललेलं मोजत नाहीत

आमच्या घरी वर्षातले काही दिवस कुणीही कुणालाही काहीही बोलू शकतं.

मे महिना सरत आला की नवतपा लागतो, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ते नालीत बसलेलं असतं, आणि त्याचं तोंड बघून वाटतं की ह्यानं विचार करणंच सोडून दिलं आहे. शेतकरी मात्र खूश असतात. नवतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला, असं म्हणतात. आमचे आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, ओला गमछा डोक्यावर ठेवून, घामानं निथळत, "तपू दे, तपू दे" म्हणत बसतात. जणू सूर्य त्यांनीच मजुरीवर ठेवला आहे आणि त्यानं काम चुकवू नये एवढंच त्यांना बघायचं आहे. गावची शेती त्यांनी कधीचीच चुलत भावांना बटईनं दिली. पण ऊन मोजायची सवय गेली नाही.

तर या नऊ दिवसांत बोललेलं मोजत नाहीत. हा आमच्या घराण्याचा नियम आहे. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की राजेगावकडच्या आमच्या गावी आबाजी आणि त्यांचे मोठे भाऊ नवतप्यात एका डांगरावरून भांडले. डांगर म्हणजे टरबूज. ते कापायचं कोणी, इथून सुरू झालेलं भांडण कोण कोणाच्या बापाचा नाही इथपर्यंत गेलं, आणि दोघांचा बाप तर एकच होता. पुढं कितीतरी वर्षं दोघं बोलले नाहीत. शेवटी त्यांच्या आईनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, ते तुम्ही बोलला नाहीत, ऊन बोललं. तेव्हापासून आमच्याकडे कायदा झाला. नवतप्यात कुणी वेडंवाकडं बोललं की ऐकणाऱ्यानं "ऊन बोललं" म्हणायचं आणि बोलणाऱ्याच्या हातात गडवाभर पाणी द्यायचं. त्यानं ते गटागटा प्यायचं. विषय संपला. पावसाळ्यात तो उकरून काढायचा नाही.

मी कॉलेजात मनोविज्ञान घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की हा नियम कुठल्या तरी पुस्तकात असायला हवा. आमच्या शेजारी उन्हाळ्यात नवरा-बायकोचं भांडण पोलीस चौकीपर्यंत जातं. आमचं पाण्यावर भागतं.

अर्थात माणसं नियमाचा फायदा घेतात. नवतपा लागायची आम्ही वाट बघायचो. बाबा आबाजींना सांगायचे की तुमच्या घोरण्यापेक्षा वारासिवनीच्या राइस मिलचा आवाज बरा, मिल निदान संध्याकाळी बंद होते. आबाजी म्हणायचे, साऱ्या गावाचे कूलर दुरुस्त करतो आणि घरचा कूलर टीबी झाल्यासारखा खोकतो, असा कारागीर मी पैदा केला हे सांगायची मला लाज वाटते. मी एकदा बाबांना म्हटलं की तुमच्यापेक्षा मला बस स्टँडवर कुणी दत्तक घेतलं असतं तर बरं झालं असतं. प्रत्येक वेळी "ऊन बोललं", आणि पाणी. आमच्यातलं कुणीही उन्हाळ्यात पाण्यावाचून राहिलं नाही, ते या शिव्यांमुळे.

आई काय बोलायची, ते मला फारसं आठवत नाही. पाणी ती आणायची.

पुढं पुढं ऊनच लवकर यायला लागलं. होळी झाली की पत्रे तापायचे. त्यामुळे नियमही हळूहळू मागं सरकला, सरकारी योजनेची मुदत वाढत जाते तसा. आधी नऊ दिवस होते, मग अख्खा मे झाला, मग अक्षय तृतीया, आणि आता आबाजी एप्रिलच्या सुरुवातीलाच सुनेला काहीबाही बोलून "ऊन बोललं" असं स्वतःच म्हणून टाकतात. स्वतःचं माफीपत्र स्वतःच लिहायचं. पाणी तेवढं दुसऱ्यानं आणायचं.

घराचं थोडं सांगायला हवं. पुढं दोन खोल्या आहेत, त्यांवर स्लॅब आहे. मागं स्वयंपाकघर आहे, त्यावर टिनाचे पत्रे. कूलर पुढच्या खोलीत. तो बाबांनी लोकांनी टाकून दिलेल्या कूलरांचे भाग जोडून बनवला आहे. पंखा एकाचा, टाकी दुसऱ्याची, मोटर कुणाची ते बाबांनाही आठवत नाही. बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि मे महिन्यात त्यांना मरायला फुरसत नसते. लोक दुकानात येऊन रडकुंडीला येतात. कूलर बंद पडलेला माणूस बाबांना देव म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत झाला नाही तर जे म्हणतो ते इथं लिहिता येत नाही. बाबा ते सगळं ऐकून घरी येतात आणि घरी नियम असतोच.

घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. मनोविज्ञान मी ठरवून घेतलं असं सांगायला आवडेल, पण खरं म्हणजे इतिहासाच्या जागा भरल्या होत्या. आबाजींना वाटतं की मी पागलखान्याची डॉक्टर होणार. मी एकदोनदा समजावलं, मग सोडून दिलं, कारण ते हे अभिमानानं सांगत होते. परीक्षा भर मे महिन्यात येतात. आम्ही मुली तोंडाला ओढणी गुंडाळून डाकूंसारख्या पोचतो. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून घरच्यांनी खिशात, पर्समध्ये, कुणाच्या तर चक्क कंपासात कांदा ठेवलेला असतो. परीक्षेच्या खोलीला भजी तळायच्या आधी येतो तसा वास असतो.

परीक्षांच्या आधी एका तासाला मॅडमनी पुस्तक मिटून ठेवलं. पंखा बंद होता. त्या म्हणाल्या की आज जे आपल्याला होतंय तेच शिकू या. उन्हानं झोप तुटते, झोप तुटली की माणूस चिडतो, ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याचं आणखी खचतं, आणि आपण सगळ्याला लू म्हणून मोकळे होतो. मग काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. पाणी पिणं, कामं थंड वेळेला करणं, दुपारी घर गार ठेवणं, झोप सांभाळणं, एकमेकांशी बोलणं. मी सगळं मनापासून ऐकलं. मला पहिल्यांदा असं काहीतरी मिळालं होतं जे घरी नेता येईल.

घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. आपण खिडक्यांना ओले पडदे लावू. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारू. रोज आंबील करू, ताक करू, कैरी भाजून पन्हं करू. रात्रीच्या चादरी भिजवून पिळून घेऊ. सगळ्यांना पटलं. आबाजी तर म्हणाले की पोरगी शिकली त काही त कामाचं सांगते. आणि दुसऱ्या दिवसापासून हे सगळं खरोखरच सुरू झालं. मला फार बरं वाटत होतं. पडदे ओले असायचे, पन्हं तयार असायचं, गच्ची गार असायची. मी पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून अभ्यास करायचे, कारण माझे पेपर होते. मी जे 'आपण, आपण' म्हणाले होते त्या आपणमध्ये आई एकटीच होती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

त्यात उन्हाळा म्हणजे वाळवणाचा मोसम. मुंगवड्या, पापड, कुरड्या. आमच्याच घरच्या नाही, दोन आत्यांकडे पण जातात. ऊन वाया जाऊ देत नाहीत आमच्यात.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशी माझा पेपर नव्हता आणि लाइट गेली होती. दुपारचं जेवण चाललं होतं. लाइट नाही म्हणून बाबा दुकानातून लवकर आले होते आणि बंद कूलरलाच शिव्या घालत होते. आबाजींनी भाजीत तिखट कमी आहे म्हटलं आणि मग जास्त आहे म्हटलं. आई टिनाखालून गरम पोळ्या आणून वाढत होती. शेवटची पोळी वाढून ती उंबऱ्यावर बसली. पदरानं मान पुसली. आणि भाजीत मीठ राहिलं असं सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"मले वाटते, एकदा झोपाव अन् मंग उठूच नाही."

कुणाचा घास थांबला नाही. आबाजी म्हणाले, "ऊन बोललं."

बाबांनी सवयीनं इकडंतिकडं बघितलं, पाणी कोण देतं म्हणून. कुणीच उठलं नाही, कारण पाणी देणारीलाच पाणी द्यायचं होतं, आणि असा प्रसंग नियमात कधी धरलेला नव्हता. गडवा आईच्याच बाजूला होता. तिनं तो उचलला, वरून धार धरून प्यायली, तोंड पुसलं आणि उठून आत गेली. आतून विचारलं, पन्हं कोणाला पाहिजे. बाबा म्हणाले, मले. मी पण म्हणाले.

पन्हं चांगलं झालं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं होतं.

नंतर मात्र मला अभ्यास होईना. पुस्तकात नैराश्याची लक्षणं होती, ती मला पाठ होती, आणि माझी नजर सारखी मागच्या दाराकडं जात होती. आई गॅस बंद करून त्याच्याच समोर बसून राहायची, पत्र्याखाली, जिथं पाल पण थांबत नाही. केसांना तेल लावणं तिनं कधी सोडलं? ती टीव्हीवरची मालिका तिनं कधीपासून बघितली नव्हती? भाजीवाली दारात आली की आई तिच्याशी घासाघीस करायची, दोघी एकमेकींच्या खानदानापर्यंत जायच्या आणि हसत सुटायच्या. या मोसमात आई ती सांगेल तो भाव देऊन आत येत होती. भाजीवालीनंच मला विचारलं होतं की तुह्या मायले बरं नाही काय. मी म्हटलं होतं, ऊन आहे ना.

मी दुकानात जाऊन बाबांना सांगितलं. ते एका मोटरीत तार गुंडाळत होते. म्हणाले, दरसालची गोष्ट आहे, उन्हात बोलते ती तशी, पाणी पडलं की ठीक होते. ते खोटं बोलत नव्हते. खरंच दरवर्षी ठीक होत असेल. किंवा पावसात आम्ही विचारत नसू. मला बाबांशी वाद घालता येत नाही, नवतपा असला तरच येतो, आणि तेव्हा तो मोजत नाहीत.

पुढचा पेपर झाल्यावर मी मॅडमना गाठलं. ओळखीच्या एका बाईबद्दल विचारते आहे असं म्हटलं. मॅडमनी ओळखीची बाई कोण हे विचारलं नाही, यासाठी मी त्यांची आभारी आहे. मी म्हटलं की विचारायची भीती वाटते, आपण विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं घुसलं तर? त्या म्हणाल्या, "पूछने से कोई बात दिमाग में घुसती नहीं है। जो पहले से है, वो बाहर आती है। सीधा पूछो, और फिर चुप बैठो।" त्यांनी हेही सांगितलं की सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, आणि असं बोलणारं माणूस उन्हात बोललं की थंडीत, त्यानं फरक पडत नाही.

सीधा पूछो म्हणणं सोपं आहे. आमचं शिक्षण हिंदीत झालं, घरचं बोलणं मराठीत, आणि हा प्रश्न मला दोन्हींत येत नव्हता. मी तीन दिवस आईच्या मागं मागं फिरले. तिला वाटलं की मला पैसे पाहिजेत.

शेवटी एका पहाटे गच्चीवर जमलं. ऊन चढायच्या आधी मुंगवड्या घालायच्या होत्या. जुनी साडी अंथरली होती, आई वाटलेल्या मुगाचे छोटे छोटे गोळे टाकत चालली होती, ओळी अगदी सरळ. मी दुसऱ्या टोकानं वाकड्या ओळी टाकत होते.

मी म्हटलं, "आई, त्या दिवशी जेवताना तू म्हटलं ना, उठूच नाही म्हणून. ते खरंच वाटते का तुले?"

"ऊन बोललं बापा ते."

"ऊन नाही बोललं. तू बोलली."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "मरायले फुरसत कोनाले आहे वं? मी गेली त ह्या मुंगवड्या कोन उचलन, तुहा आबा?"

मला हसू आलं. आबाजी गच्चीवर वाकून मुंगवड्या वेचताहेत हे डोळ्यांसमोर आलं. आणि हसता हसताच कळलं की मी आता हसून खाली गेले की हा विषय पुढच्या मेपर्यंत मिटेल. मग मी विचारलं.

"मरावंसं वाटते का, आई?"

तिचा हात पातेल्यातच राहिला. मी चूप बसले. इतकं चूप बसणं मला कुठल्याही परीक्षेत जमलेलं नाही.

"एकदोनदा वाटलं," ती म्हणाली. "दुपारी. तुमी सगळे झोपता तवा." मग एक वडी टाकून म्हणाली, "काही कराव असं नाही. नुसतं वाटते. मंग चहाची वेळ होते."

त्यानंतर ती बोलत राहिली आणि हातानं वड्याही टाकत राहिली. होळीपासून तिला झोप नव्हती. डोळा लागला तर छाती धडधडून जाग यायची. जेवणाचा वास नको वाटायचा आणि दिवसभर तोच रांधायचा. टिनाखाली उभी असली की आपण कोणावर तरी जोरात ओरडू असं वाटायचं, आणि ओरडायला गेलं की आवाजच निघायचा नाही. मी विचारलं की तू कधी सांगितलं काहून नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"सांगितलं ना. मागच्या साली बी म्हटलं होतं. तवा तुह्या बापानं पानी तरी देल्लं होतं."

खाली चहाच्या वेळी मी बोलायचं ठरवलं. मी मनात वाक्यं तयार केली होती, त्यांतलं एकही बोलता आलं नाही. मी फक्त म्हटलं की आईचं बोलणं मोजायचं.

आबाजींनी विचारलं, "नवतप्याचं?"

"हौ."

"मंग माहं बी मोजा. मी काल तुले गधी म्हटलं."

मी म्हटलं की ते पण मोजते. आबाजींना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि आपल्या आईनं केलेला नियम कालची पोर मोडते आहे, यावर बरंच बोलले. त्यात पागलखान्याच्या डॉक्टरचाही उल्लेख आला, या वेळी अभिमान नव्हता. मग बाबांनी मला विचारलं की आई काय म्हणाली होती.

"तुमी तिथंच होते, बाबा."

बाबांना गरम सोल्डरिंगचा चटका बसतो तेव्हा ते ओरडत नाहीत, नुसतं बोट धरून बसतात. तसे ते बसले. मग आईकडं बघून म्हणाले, "खरं आहे काय वं?"

"चहा थंडा होऊन राह्यला," आई म्हणाली. आणि मग म्हणाली, "हौ."

बाबांना बोलता येत नाही, हात चालवता येतात. ते उठले, पुढच्या खोलीतला कूलर काढला आणि ओढत नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवला. आबाजी ओरडत होते की माझी हवा, माझी हवा. बाबांनी बटण दाबलं. पहिल्या झोताला गॅस विझला. दुसऱ्याला परातीतलं पीठ उडालं आणि दारात उभ्या असलेल्या आबाजींच्या तोंडावर, मिशांवर, गमछ्यावर बसलं. आणि आई हसली. तोंडावर पदर घेऊन, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आबाजी म्हणाले की हसा, हसा, ह्याचं बी मोजून ठेवा.

कूलर परत पुढं गेला. पण आई आता दुपारी त्याच्यासमोर असते. स्वयंपाक पहाटेच उरकतो, दुपारी जे असेल ते थंड खायचं. गच्चीवर पाणी आबाजी मारतात, आणि निम्मं शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातं. पडदे मी भिजवते. बाबांनी एकदा पन्हं केलं. ते आम्ही प्यायलो, कारण दुसरा काही उपाय नव्हता.

एवढ्यानं आई बरी झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप यायचीच नाही. चार माणसांनी कामं वाटून घेतली म्हणून छातीतली धडधड वाटली जात नाही. एका दुपारी ती कूलरसमोर पडून होती, गार होती, निवांत होती, आणि डोळे उघडे होते. मी बाबांना तेवढं दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी भर मोसमात दुकान बंद ठेवलं. त्यांचा फोन सारखा वाजत होता. एका गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलं की आज कूलरपेक्षा जरुरी काम आहे. बालाघाटात मे महिन्यात असं वाक्य कुणी ऐकलं नसेल.

निघताना शेजारच्या काकूंनी कुठं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले की बीपी दाखवायला. आई मागून म्हणाली, "बीपी नाही वं, डोक्स्याचा डॉक्टर. येते का तू बी?" काकू नको म्हणाल्या, पण दोन दिवसांनी त्यांनी हळूच मला तिथल्या वेळा विचारल्या.

डॉक्टरबाई आईपेक्षा लहान होत्या. त्यांनी आम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं, मग आत बोलावून समजावलं. गोळ्या रोज घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत, पाणी जास्त प्यायचं, उन्हात उभं राहायचं नाही. आणि ते विचार वाढले, काही करावं असं वाटलं, तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं. हे सांगताना त्यांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी मान हलवली, शाळेतल्या मुलासारखी. घरी आल्यावर आबाजींनी गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले की आमच्या वेळी हे नव्हतं. आई म्हणाली, "नव्हतं ना. म्हणून त डांगरावरून बारा साल अबोला धरला." आबाजींनी पट्टी तिच्या हातात दिली, आणि तेव्हापासून तिची गोळी झाली का हे तेच विचारतात, फार मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला कळेल असं.

दुसऱ्यांदा दवाखान्यात मी एकटीच गेले तिच्याबरोबर. ऊन तसंच होतं, फक्त आता त्यात उकाडा मिसळला होता. या वेळी आईनं मला सांगितलं की तू आत येऊ नको. मला वाईट वाटलं. मी मनोविज्ञानाची, मीच पहिल्यांदा विचारलेलं, आणि मलाच बाहेर? पण मी बाकावर बसले. ती बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे लाल होते, चेहरा कसा होता ते मला वाचता आलं नाही. काय बोलली म्हणून विचारलं, तर म्हणाली की ते तुह्या पुस्तकात नाही.

लगेच घरी जायचं नाही, असं तिनंच म्हटलं. आवारात कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता. तिथं बसलो. समोर लोक येत होते, जात होते, एक माणूस सलाइनची बाटली स्वतःच हातात उंच धरून फिरत होता. गोळ्यांनी काही फरक पडला का, हे मला विचारायचं होतं, पण कसं विचारावं या विचारात असतानाच माझ्या खांद्यावर वजन आलं. आई झोपली होती.

मी हलले नाही. खांदा भरून आला, घामानं कुर्ता चिकटला, एक माशी सारखी तिच्या हातावर बसत होती ती मी फुंकरीनं उडवत राहिले. आमच्या बाजूचे लोक आत जाऊन परत गेले. बाबांचा फोन आला, मी उचलला नाही. मधेच मला भीती वाटली, कशाची ते मी लिहिणार नाही, आणि मी तिच्या श्वासाकडं कान दिला. तो नीट चालला होता. ती थोडी घोरतही होती.

मग ती आपणच जागी झाली. सरळ बसली, पदर ठीक केला, ऊन कुठं आलं ते बघितलं.

"काहून नाही उठवलं मले?"

मी म्हटलं, "झोप लागली होती तुले."

"हौ," ती म्हणाली. जरा वेळ तिनं त्यावर विचार केला. "लागली होती."